वरच्या थराची हवा

पांडेसऱ्यात आमच्या खोल्यांच्या लाइनीत अजूनही सांगतात, की माझा शेजारी प्लेगला भिऊन गावी पळाला आणि परत आलाच नाही. तो गेला तेव्हा सुरतेत चौऱ्याण्णवचा प्लेग होता, हे खरं. पण तो प्लेगमुळे गेला नाही. त्याची नोकरी त्याआधीच, उन्हाळ्यात गेली होती. ती कशी गेली हे पुरतं माहीत असलेला लाइनीत आता मी एकटाच आहे, म्हणून लिहितो आहे.

मी तेव्हा उधन्याला मराठी शाळेत शिक्षक होतो. शेजारी धुळ्याकडचा, घरी अहिराणी बोलणारा. एका प्रोसेस हाउसमध्ये बॉयलरवर कामाला होता. कापड रंगवायला लागणारी सगळी वाफ त्याच्या हाताखालून जायची. अनेक वर्षं बदली कामगार म्हणून काढल्यावर त्याने बॉयलर चालवण्याची सरकारी परीक्षा दिली आणि पास झाला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की शेठ त्याला कायम करणार होते. त्याच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. वहिनी पापड लाटता लाटता मला म्हणायच्या, "गुरुजी, कायम झाल्यावर पगार हातात येतो का बँकेत?" आणि मी सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या.

आखाजीच्या आधीच्या रविवारी सकाळी खाडीपलीकडच्या मोकळ्या मैदानात आकाशातून एक वस्तू उतरली. आधी नारिंगी-पांढरी छत्री दिसली, तिच्याखाली लटकलेला एक सांगाडा. मागोमाग, बऱ्याच अंतरावर, पातळ प्लास्टिकचा डोंगरच्या डोंगर हळूहळू जमिनीवर पसरला. मी पोचलो तोवर त्या प्लास्टिकवर ब्लेडं चालू झाली होती. पावसाळा दीड महिन्यावर होता आणि पत्र्याखाली घालायला इतकं चांगलं, इतकं मऊ प्लास्टिक कुणी कधी पाहिलं नव्हतं.

सांगाड्याजवळ मात्र कुणी जात नव्हतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीत जाड मानेच्या पोलादी नळ्यांचा जुडगा होता. त्यांच्यावर बर्फासारखा पांढरा थर चढला होता आणि त्यातून धूर निघत होता.

"तुझ्या सासरहून आलं वाटतं," एकजण म्हणाला.

"माझ्या सासरहून आजवर चिंधी आली नाही. एवढं कुठून येतंय?"

एका बाईने लांबूनच हळदकुंकू टाकलं. "वरून आलंय. आधी नारळ फोडा."

"बॉम्ब असला तर नारळासकट जाशील, काकू."

हे ऐकून लोक हसले, पण मागे सरकले. मुंबईतल्या स्फोटांना जेमतेम वर्ष झालं होतं.

माझा शेजारी रात्रपाळी करून तसाच आला होता. त्याने सांगाड्याभोवती एक फेरी मारली, उलटा हात एका नळीला लावून पाहिला, कान जवळ नेला. नळ्यांच्या तोंडाशी लहान चाकं होती, पाण्याच्या कॉकला असतात तशी, आणि प्रत्येक चाक तारेने बांधलेलं.

"आत्ते थंड शे, गुरुजी," तो म्हणाला. "पण ऊन लागी राह्यनं. बंद भांडं शे. फुटी जाई."

बॉयलरवरच्या माणसाला पहिली गोष्ट हीच शिकवतात. बंद भांडं तापायला लागलं आणि आत काय आहे ते कळत नसेल, तर आधी दाब सोडायचा, साहेबाला नंतर विचारायचं. पांडेसऱ्यात एका कारखान्यात हे न केल्यामुळे काय झालं होतं, ते त्याने स्वतः पाहिलं होतं. मैदानात तेव्हा बायका होत्या, पोरं होती. नळ्यांवरचा बर्फ वितळून धातू दिसायला लागला होता.

"काय लिखेल शे?" त्याने विचारलं.

नळ्यांवर इंग्रजीत काहीतरी रंगवलेलं होतं. माझं इंग्रजी चौथीच्या शिक्षकाला पुरेल इतकंच. आकडे होते, काही लांब शब्द होते. त्यातला एकच मला लागला. बाकीचे लागले नाहीत, हे मी बोललो नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हवा आहे," मी म्हणालो. "नुसती हवा."

"मंग सोडी देऊ का?"

"सोड. हवेचं काय नुकसान होणार आहे?"

त्याने कुणाकडून तरी पक्कड मागून घेतली. तारा तोडल्या. एकेक चाक अगदी थोडं थोडं फिरवलं, बॉयलरची वाफ सोडावी तसं, तोंड बाजूला धरून. प्रत्येक नळी सूं करून रिकामी झाली. मी जवळ उभा होतो. माझ्या मनगटावर गार वारा आला, त्याला कसलाही वास नव्हता. शेवटची नळी झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पक्कड परत केली आणि तो झोपायला घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांच्या जीपमागून एक गाडी आली. तिच्यात दोन-तीन माणसं आणि एक तरुण बाई होती, संशोधन करणारी. ती सांगाड्याकडे चालत गेली, पहिल्या चाकावर हात ठेवला, मग दुसऱ्या. पहिल्यावरच कळलं असेल, पण ती शेवटच्या चाकापर्यंत गेली. मग त्यांनी सांगाडा उचलून उलटा केला. खालच्या बाजूला, जमिनीत दाबली गेलेली, एक पाटी होती. चार-पाच भाषांत लिहिलेली, त्यात मराठीही. या यंत्रात धोका नाही, कृपया हात लावू नये, जवळच्या पोलीस चौकीत कळवावे. मराठी शुद्ध होतं.

चौकशी गणपती मंडळाच्या खोलीत झाली. आत मागल्या वर्षीच्या मखराच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यापुढे दोन खुर्च्या. एकीवर फौजदार, दुसरीवर ती बाई. माझा शेजारी त्यांच्यासमोर उभा. मला बोलावलं कारण मी मास्तर, मला सगळ्यांच्या भाषा येतात. बाकीचे लोक बाहेर ठेवले.

"आ कोणे खोल्युं?" फौजदाराने विचारलं.

शेजारी एरवी हिंदी बरी बोलायचा, गुजरातीही. पण खाकीपुढे त्याची जीभ घरच्या बोलीवर गेली. तो म्हणाला, "गुरुजीले इचारीसन सोडं मी."

फौजदाराने माझ्याकडे पाहिलं. "शुं कहे छे?"

मी म्हणालो, "कहता है, मैंने खोल दिया."

एवढंच. ‘गुरुजींना विचारून’, हे मी गाळलं. ठरवून गाळलं असं म्हणवत नाही, आणि चुकून गाळलं असंही म्हणवत नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून तसंच बाहेर आलं आणि पुढचा प्रश्न आला. शेजाऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काय सांगितलं ते त्याला कळलं होतं. त्यानंतर तो हिंदीतच बोलला. "हां साहब, मैंने खोला. फट जाता इसलिए खोला." माझं नाव त्याने पुन्हा घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

त्याला जीपमध्ये घालून नेलं. गुन्हा काय, तर सील तोडलं, सरकारी माल होता. ती बाई फौजदाराला म्हणत होती, "इनको छोड़ दीजिए, इससे हमें कुछ वापस नहीं मिलेगा." फौजदार म्हणाला, ते आमचं काम आहे.

गाडीत सामान चढेपर्यंत ती मैदानात एका दगडावर बसली होती. मी तिला विचारलं, त्या हवेत असं काय होतं? ती रागावेल असं वाटलं होतं. तिने हिंदीत नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. आपण जिथे राहतो, ढग जिथे असतात, त्याच्यावर हवेचा दुसरा थर आहे. तिथे पाऊस नाही, त्यामुळे तिथे गेलेलं काही लवकर धुऊन निघत नाही. फ्रिजमधला गॅस आपण इथे सोडतो, तो वर्षानुवर्षं चढत तिथे जातो, उन्हाने फुटतो आणि ओझोन खातो. फिलिपिन्समध्ये ज्वालामुखी फुटला होता, त्याची धूळ आणि वायू त्याच थरात पसरले आणि पृथ्वी थोडी थंड झाली. आता ते खाली बसत होतं. बसताना काय काय बदलतं, वरचा थर खालच्या हवामानाला कसा धरून असतो, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. म्हणून हा सांगाडा फुग्याला बांधून वर पाठवला होता आणि प्रत्येक नळी वेगळ्या उंचीवर उघडून, तिथली हवा भरून बंद केली होती. फुगा ठरल्या जागी तुटला नाही, वाहत इतक्या लांब आला.

"फिरसे भेज दो," मी म्हणालो.

"भेजेंगे," ती म्हणाली. "लेकिन वो हवा दूसरी होगी."

शेजारी तिसऱ्या दिवशी सुटून आला. मारलं नव्हतं. पण प्रोसेस हाउसमध्ये बातमी त्याच्याआधी पोचली होती. पोलिसांनी नेलेला माणूस बॉयलरवर नको, असं शेठ म्हणाले. गेटवरच्या माणसाने त्याला सांगितलं, आखाजीनंतर ये. आखाजीनंतर सांगितलं, पावसाळ्यानंतर ये. मला कुणी विचारलं असतं, तर एका वाक्यात सांगता आलं असतं, की त्याने एका शिकलेल्या माणसाला विचारून ते केलं. मी एकदा त्या गेटपर्यंत गेलो. गेटवरच्याने विचारलं, "क्या काम है?" मी म्हणालो, कुछ नहीं, आणि परत आलो.

तो मग मिळेल ते काम करायचा. कापडाच्या गाठी उचलायचा. आम्ही नळावर भेटायचो. पूर्वी तो म्हणायचा, "काय गुरुजी, आज सुट्टी?" आता म्हणायचा, "बादली भरी गई तुमनी," आणि बाजूला व्हायचा. वहिनींनी बँकेचं विचारणं बंद केलं.

सप्टेंबरात प्लेग आला. चार दिवसांत अर्धी लाइन रिकामी झाली. उधन्याच्या स्टेशनवर भुसावळच्या गाडीला लोक खिडक्यांतून चढत होते. तोही त्याच गर्दीत बायको आणि कडेवरचं पोर घेऊन गेला. महिन्याभराने सगळे परतले, कारण त्यांच्या नोकऱ्या इथे होत्या. त्याला परतायला काही नव्हतं. लाइनीत कुणीतरी म्हणालं, घाबरला तो. दुसऱ्याने मान हलवली. मी तिथे बसलो होतो. ते तसंच राहिलं.

निवृत्त झाल्यावर मी वर्तमानपत्रात त्या थराबद्दल काही आलं की वाचतो. खालची हवा तापते आहे आणि वरचा थर थंड होतो आहे, असं लिहितात. ओझोन हळूहळू भरून येतो आहे, असंही लिहितात. जुन्या वर्षांच्या मोजण्या जोडून आलेख काढतात. त्यात आमच्या मैदानावरची हवा नसते. मी वाचतो आणि कागद घडी करून ठेवतो. काही वाटायला हवं, तसं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात कळलं, की शेजाऱ्याचा मुलगा, ते कडेवरचं पोर, आता सुरतेतच कोसाडला राहतो. हिऱ्याच्या कारखान्यात आहे. बाप वारल्याचंही तेव्हाच कळलं. मी रिक्षाने गेलो. त्याने ओळखलं नाही. शेजारचे गुरुजी म्हटल्यावर खुर्ची दिली. मी त्याला सगळं सांगितलं, त्या खोलीतल्या वाक्यासकट. मध्ये त्याने एकदाच थांबवलं. "पोलीस? बाबांना पोलिसांनी नेलेलं?"

"तुला माहीत नव्हतं?"

"घरी कोणी बोललंच नाय. मला तर हेच ठाऊक, की पर्मनंट नोकरी छोडून प्लेगला घाबरले. मी बोलायचो त्यांना. भांडण झालं की बोलायचो, तुम्ही भागले नसते तर आज सुरतमध्ये आपलं घर असतं. दवाखान्यातपण बोललो."

"ते काय म्हणाले?"

"काय नाय. हां म्हणाले."

पोलिसांनी नेलं हे पोराला सांगण्यापेक्षा भ्यालो हे सांगणं त्याला सोपं वाटलं असेल. मला तसं वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

मुलगा उठला, गॅलरीत गेला आणि गावी आईला फोन लावला. मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. "माय, गुरुजी आलेत, पांडेसऱ्याचे... नाय, तब्येत ठीक आहे त्यांची... माय, बाबांना पोलीस घेऊन गेले होते का?" मग तो बराच वेळ नुसता हूं, हूं करत राहिला. आत येऊन त्याने फोन माझ्यापुढे धरला.

वहिनींचा आवाज मी ओळखला नसता. त्यांनी कसे आहात वगैरे काही विचारलं नाही.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आते कसाले सांगं तेले?"

आता कशाला सांगितलं त्याला. त्यांनी फोन ठेवला नाही. मुलगा समोर उभा होता. मी फोन त्याच्या हातात परत दिला आणि चपला शोधायला लागलो.