आडी महिन्यातलं पत्र

कावेरीकाठच्या भवानी गावातल्या कुठल्याही पेढीत शिरला की अर्थनारी आधी भिंतीला टेकतो. दोन श्वास घेतो, कपाळाचा घाम खांद्यावरच्या पंच्याला पुसतो आणि मग विचारतो, "काय म्हणतंय?" विचारतो तो कॉम्प्युटरबद्दल, पण माणसं स्वतःबद्दल सांगायला लागतात. गुडघ्याचं, जावयाचं, सुताच्या भावाचं. तो सगळं ऐकून घेतो. ऐकताना तेवढंच बसायला मिळतं.

पन्नाशी उलटलेला माणूस. वीस वर्षं मागावर बसला होता. आमच्या भवानीचा जमखाना म्हणजे रुंद, जाड सतरंजी, एका माणसाचा हात पुरत नाही. दोघं शेजारी शेजारी खड्ड्यात पाय सोडून बसतात. एकानं धोटा सोडायचा, दुसऱ्यानं झेलून परत पाठवायचा. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून अर्थनारी आणि त्याची बायको पावायी एका मागावर अशी बसत. दोघांमध्ये काही बोलणं होत नसे, तरी लांबून बघणाऱ्याला वाटायचं की ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोलताहेत. मग त्याच्या छातीत कापसाची धूळ बसली. खोकला थांबेना. डॉक्टरनं मागावरून उठवलं, आणि त्याच्या जागी पावायीची धाकटी बहीण येऊन बसली.

त्यानंतर तो एका सूत दलालाच्या पेढीवर पहारा करायचा. तिथंच बिघडलेली कॉम्प्युटरची यंत्रं उघडून, पुन्हा जोडून, चार वेळा चुकून तो हे काम शिकला. आता मोपेडवरून भवानी, कोमारपाळयम, अंदियूर असा फिरतो. कुणाची छपाई अडली, कुणाचं ईमेलचं पत्र जात नाही, कुणाचं येत नाही. पत्रांचीच रड जास्त. "चालू असलेल्या कॉम्प्युटरपुढं मी कधी बसलोच नाही," असं तो म्हणतो, आणि यात तक्रार असते की नुसती माहिती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ, लागला होता. मारियम्मनच्या देवळावरचा कर्णा पहाटेपासून सुरू असायचा, बायका आंबिलीचे हंडे डोक्यावर घेऊन जायच्या, कावेरीचं पाणी लालसर होऊन पायऱ्यांना लागलं होतं. या महिन्यात आमच्याकडं कुणी लग्न ठरवत नाही, नव्या घरात राहायला जात नाही, दुकान उघडत नाही. नवं काहीच नाही. अठराव्या दिवशी नदीची पूजा होते तो एक दिवस सोडला, तर सगळा महिना जुन्यावरच काढायचा.

त्या दिवशी मी रंगवलेल्या सुताचे नमुने घेऊन सेंगोडन मुदलियारांच्या पेढीत बसलो होतो. तीस वर्षं इथं सूत विकतोय, तरी मुदलियार मला अजून पाहुणाच समजतात. "बसा सोलापूरकर," ते म्हणाले. "तुमच्या गावच्या यंत्रमागांनी माझे माग खाल्ले, आता माझी कॉफी तरी गोड मानून प्या."

एके काळी त्यांचे चाळीस माग होते, आता सहा उरले होते. त्यातल्या एकावर पावायी आणि तिची बहीण बसत. मुदलियारांनी विणकरांना स्पष्ट सांगून ठेवलं होतं. बेल्जियमचा एक नवा व्यापारी जमखाने मागतोय. त्याचं काम आलं तर माग चालतील. नाही आलं तर आडी संपला की सहाही मागांना कुलूप. त्या व्यापाऱ्यानं भाव आणि माल पोचवायची तारीख मागवली होती. त्या दिवशी त्यांच्याकडं सकाळची बैठक होती, म्हणजे आपल्याकडं दुपार. बैठकीआधी पत्र पोचलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

आणि पत्र जात नव्हतं.

अर्थनारी आला, भिंतीला टेकला. पेढीतलं सगळं टपाल सांभाळणारी पूंगोडी उठून उभी राहिली. "अण्णा, कालपासून असं करतंय. परवापर्यंत चांगलं होतं. पाठवलं की चाक फिरतं, फिरतं, आणि जोडणी होत नाही म्हणून सांगतं. बाहेरून येणारी पत्रंही बंद."

"पासवर्ड बदललास का पोरी?"

"मी कशाला बदलू?"

"सगळे हेच म्हणतात." तो खुर्चीत बसला. ताजी बातमी उघडून बघितली, ती उघडली. म्हणजे इंटरनेट होतं. भिंतीकडची तार तपासली, इंटरनेटची पेटी बंद करून चालू केली. पासवर्ड पूंगोडीकडून अक्षर अक्षर विचारून पुन्हा घातला. पत्रं येण्याच्या आणि जाण्याच्या वाटांचे आकडे जुळवून पाहिले, बरोबर होते. विषाणूपासून राखण करणारा प्रोग्राम क्षणभर बंद करून पाहिला. प्रत्येक वेळी चाक फिरलं आणि तेच उत्तर आलं, की समोरच्याच्या ओळखपत्रावर विश्वास ठेवता येत नाही.

"समोरचा कोण?" मुदलियारांनी विचारलं.

"ज्या कंपनीकडं आपली पत्रपेटी आहे ती."

"मग शिव्या दे त्यांना."

अर्थनारीनं कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगा गोड आवाजात म्हणाला की आमच्याकडं सगळं सुरळीत आहे, गेल्या आठवड्यात ओळखपत्रं तेवढी नवी केली, बाकी कशाला हात लावलेला नाही. अर्थनारीला लगेच वाटलं की सापडलं. "तुम्हीच नवी करताना घोळ घातलाय," तो म्हणाला. मुलगा म्हणाला, बाकी सगळ्यांची पत्रं जाताहेत. दोघांची थोडी जुंपली. शेवटी मुलानं शुभ दिन म्हणून फोन ठेवला.

"माझ्या फोनवरून पाठवू का?" पूंगोडीनं विचारलं. "पेढीचाच पत्ता फोनमध्ये घालते. लगेच जाईल."

"नाही," मुदलियार म्हणाले.

"मालक, वेळ कमी आहे," अर्थनारी म्हणाला.

"एकदा सांगितलं ना? फोनवरून नाही. जाईल ते इथूनच जाईल."

मला हे चमत्कारिक वाटलं, पण म्हाताऱ्या मालकांचे हट्ट काही मी आजच पाहत नव्हतो. अर्थनारीनं मान हलवली आणि डबा उघडला. दहीभात, तळलेली मिरची. खाता खाता डाव्या हातानं त्यानं स्वतःच्याच पत्त्यावर एक कोरं पत्र धाडलं. ते अर्थातच अडकलं आणि न गेलेल्या पत्रांच्या रांगेत जाऊन बसलं. तो त्या रांगेकडं बघत घास चावत होता. चावणं थांबलं.

"पूंगोडी, आज तारीख काय?"

तिनं मुदलियारांकडं पाहिलं.

"हे पत्र मी आत्ता धाडलं. यावर मागच्या महिन्यातली तारीख कशी? आनी महिन्यातली?"

"मी सांगितलं तिला," मुदलियार म्हणाले. आवाजात ओशाळलेपण नव्हतं. "नव्या माणसाला पहिलं पत्र जायचंय. त्यावर आडीची तारीख पडायला नको होती. परवा संध्याकाळी म्हटलं, यंत्राचं घड्याळ मागं घे. आनीतला चांगला दिवस बघून दिला. फोनवर तर आडीचीच पडली असती."

"आपोआप जुळत होतं, ते मी बंद केलं," पूंगोडी हळूच म्हणाली. "तारखेचा आणि जोडणीचा काय संबंध, मला काय ठाऊक अण्णा."

अर्थनारीनं डबा बाजूला ठेवला. हात धुतले. परत येऊन बसला, आणि अतिशय थकलेल्या आवाजात, जसं पोराला समजवावं तसं बोलला. "मालक, त्या कंपनीचं ओळखपत्र गेल्या आठवड्यातलं आहे. आपल्या यंत्राला वाटतंय अजून आनीच चाललाय. म्हणजे दारात एक माणूस उभा आहे, आणि तो पुढच्या महिन्यात मिळणारं ओळखपत्र आज दाखवतोय. दार कोण उघडेल? यंत्राला वाटतंय हा चोर आहे. बातम्यांचं ओळखपत्र जुनं असणार, म्हणून ते दार उघडलं. आणि मी मगाशी त्या गरीब पोराशी उगीच भांडलो."

"मग आता?"

"तारीख खरी करायची. दोन क्षणांचं काम."

"आणि पत्रावर?"

"आजची पडेल. आडीतली."

मुदलियारांनी मान हलवली. "नाही."

बाहेर देवळाच्या कर्ण्यावर कुणीतरी घसा खरवडून गात होतं. पूंगोडी खिडकी लावायला उठली आणि न लावताच परत बसली. मी माझे सुताचे नमुने उगीच सरळ केले.

"माझ्या बापानं आडीत एकदा नवा व्यवहार मांडला होता," मुदलियार म्हणाले. "सगळ्यांनी समजावलं. हसला. पुढच्या आडीपर्यंत बारा माग विकावे लागले. मी लहान होतो, मागाच्या लाकडाला धरून रडलो होतो. तू मला यंत्राची अक्कल सांगू नको अर्थनारी."

"यंत्राची कुठं सांगतोय. मी माझ्या पोरीचं लग्नसुद्धा आडीत करणार नाही."

"मग?"

अर्थनारीनं खुर्ची मालकांकडं वळवली. त्याला असा वाद घालायची सवय नव्हती. तो दुरुस्त करतो आणि निघतो. "मालक, त्यांचं पत्र कधी आलं होतं?"

"आनीत. आनी संपायच्या आधी."

"म्हणजे सुरुवात त्यांनी केली, चांगल्या महिन्यात. आता आपण उत्तर द्यायचंय. कुणी दारात येऊन हाक मारली तर आडी आहे म्हणून आपण ओ देत नाही का?"

"शब्दांचे खेळ करतोस."

"खेळायला अंगात बळ लागतं मालक. माझ्यात आता मोपेडला लाथ मारण्यापुरतंच उरलंय. पावायीचा माग आहे तुमच्याकडं. तेवढ्यासाठी बोलतोय."

मुदलियार त्याच्याकडं वळले. "सकाळपासून आलायस. हे आधी का नाही बोललास?"

"दुरुस्तीला बोलावलं होतं."

मुदलियार उठले, मागच्या अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि ओल्या चेहऱ्यानंच दारात उभे राहिले. आत आले नाहीत. "कर काय करायचं ते. पण खाली माझं नाव नको. पूंगोडीचं घाल."

"वा!" पूंगोडी एकदम म्हणाली. "काम आलं तर मुदलियारांची पेढी, आणि बुडालं तर पूंगोडीची आडी! माझं अजून लग्न व्हायचंय मालक. गाव म्हणेल, हिनं सहा माग खाल्ले."

मी हसलो. अर्थनारी हसला नाही, पण त्यानं पंचा तोंडाला लावला. मुदलियारांचा चेहरा आधी ताठ झाला, मग हळूहळू सैल पडला.

"जीभ बघ पोरीची," ते म्हणाले. "घाल माझंच. पूर्ण घाल, बापाच्या नावासकट."

अर्थनारीनं तारीख खरी केली आणि घड्याळ आपोआप जुळायची खूण पुन्हा लावली. पूंगोडीनं पत्राखाली नाव लिहिलं आणि पाठवलं. चाक थोडं फिरलं आणि पत्र गेलं. त्यापाठोपाठ दोन दिवस अडकलेली बाहेरची पत्रं धबाधबा आत पडायला लागली. स्वस्तात घड्याळं, फुकट सहली, कुणाच्या तरी वाढदिवसाचं आमंत्रण. मुदलियार दारातूनच सगळं बघत होते. देवाला हात जोडले की नाही, ते मला दिसलं नाही.

अर्थनारीनं हत्यारांची पेटी आवरली आणि निघाला. अंदियूरला कुणाची तरी छपाई अडली होती.

उत्तर दोन दिवसांनी आलं. अर्धंच काम आलं होतं. उरलेलं त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं. मुदलियारांनी चार माग ठेवले आणि दोन बंद केले. बंद झालेल्या मागांवरची माणसं म्हणाली, आडीत कशाला पत्र धाडलं? मुदलियारही तसंच काहीसं पुटपुटले. अर्थनारीनं ते ऐकलं आणि कुणाशीही वाद घातला नाही. मला मात्र एकदा म्हणाला, "त्या दिवशी पत्र गेलं नसतं तर सहाही गेले असते. पण हे मोजून दाखवायचं कुणाला? जे माग चालू राहिले त्यांचा आवाज येतो, आणि लोकांना बंद पडलेलेच ऐकू येतात."

पावायीचा माग राहिला. ती बातमी घेऊन ती संध्याकाळी घरी आली तेव्हा अर्थनारी उंबऱ्यात बसून चपलेतला खडा काढत होता. हे पावायीनंच नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

"राहिलं आमचं," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत काम आहे."

"बरं झालं."

"काय बरं? आता दिवाळीपर्यंत या खांद्याला सुट्टी नाही." ती भिंतीशी बसली आणि पाय लांब केले. "माग बंद झाला असता तर रडले असते. चालू राहिला तर हे दुखणं. तू काय ते दुरुस्त करून आलास म्हणे मुदलियारांकडं."

"तारीख चुकली होती. ती बरोबर केली."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

मग तो उठला, फळीवरून तेलाची बाटली काढली, आणि तिच्या पाठीमागं बसून खांदा चोळायला लागला. ती म्हणाली, जरा खाली. त्यानं हात खाली घेतला.