चार वाजताचा अंदाज

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाच्या प्रायमरीत मतमोजणी सुरू व्हायच्या कितीतरी आधी मी ग्रुपवर निकाल टाकून मोकळा झालो होतो. तो निकाल मी बेसमेंटच्या जिन्यात उभा राहून, एका हातात समोसा धरून, मनाने तयार केला होता.

‘प्रायमरी’ वाचून हसू आलं असेल तर हसा. आम्हाला तेव्हा आलं नव्हतं.

मी कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंटंट आहे, राहतो मंगफला. रोज रत्नागिरीच्या एका मित्राच्या गाडीतून जातो. मला ऑफिसपाशी सोडून तो पुढे शुवैखला आपल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जातो. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवणाऱ्या माणसाला आपलाही एखादा आकडा असावा असं वाटू लागतं. म्हणून मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी सकाळी बातमीपत्र टाकायचो. वीकेंडला कुठल्या सिनेमाने किती गल्ला जमवला, कुठल्या नटाचं कुणाशी बिनसलं, आणि शेवटी अमेरिकेच्या प्रायमरीत कोण पुढे, कोण गळपटला. मंगफच्या दोन खोल्यांत बसून मी अमेरिकेतल्या राज्याराज्यांचा कल सांगत असे. लोक अंगठे द्यायचे.

अडचण एकच होती. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी सकाळी आम्ही ऑफिसच्या वाटेवर असतो, तेव्हा अमेरिकेत शनिवारची रात्र. म्हणजे त्यांच्या सिनेमाचे रविवारचे खेळ व्हायचेच असतात. पण तोवर थांबतो कोण? पुढे मला कळलं, की तिकडचे लोकही रविवारचे खेळ संपायच्या आत अंदाजाने आकडा जाहीर करतात. मग तर मला रान मोकळंच झालं. शुक्रवारच्या गल्ल्याला अडीचने गुणायचं. सिनेमा जरा बरा असला तर तीनने.

“हा आकडा कुठनं आणलास रे?” मित्र गाडी चालवता चालवता विचारायचा.

“सूत्रांकडून.”

“तुझी सूत्रं म्हणजे तुझं डोकं. मी दुकानात असे अंदाज केले ना, तर गिऱ्हाईक ब्रेकशिवाय घरी जाईल.”

त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी दोघं इच्छुक होते. एक तेलकंपनीतले मोठे इंजिनीयर. त्यांना सगळे साहेब म्हणतात, घरचेही म्हणत असावेत. दुसरी लातूरकडची एक नर्स, वीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात. ती सगळ्यांची सिस्टर. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा ही बाई आठवडाभर स्वतःची ड्युटी संपवून रोज आमच्याकडे येत होती. हे इथेच सांगतो, नंतर सांगायला जीभ रेटणार नाही.

प्रायमरीची कल्पना साहेबांची. “दोघं उभे राहिले तर मंडळ फुटेल. अमेरिकेत बघा, आधी घरातल्या घरात निवडतात. आपण काय कमी आहोत?” आपण काहीच कमी नव्हतो. आम्ही डिबेटसुद्धा घेतली. वेळ संपली की खजिनदार स्टीलच्या ताटावर डाव आपटत होते. साहेब तीन मिनिटांत सात वेळा ‘व्हिजन’ म्हणाले. सिस्टर उठली आणि म्हणाली, “आपले कार्यक्रम शुक्रवारी चारला असतात. आमची ड्युटी सुटते सातला. इतकी वर्षं आम्ही गणपतीची आरती मोबाईलवर बघतो. कार्यक्रम आठला ठेवा, एवढंच मला करायचंय. बाकी सगळं साहेब करतील.” ताट वाजायच्या आत ती खाली बसली. साहेबांच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, मोठ्या मनाने.

मतदान शुक्रवारी, मंगफच्या एका इमारतीच्या बेसमेंटमध्ये, दुपारपासून रात्री साडेआठपर्यंत. ही साडेआठची वेळ सिस्टरने भांडून मिळवलेली. प्रचार नको म्हणून दोन्ही उमेदवारांचे फोन मोजणी संपेपर्यंत खजिनदारांच्या पेटीत. मी दारावर स्वयंसेवक.

चारच्या सुमाराला ग्रुपवर विचारणा सुरू झाली. ‘ट्रेंड काय?’ साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमच्या बातमीपत्राशिवाय मजा नाही हो.” वीस वर्षं अकाउंट्समध्ये घालवली, माझ्या खांद्यावर कुणी असा हात ठेवला नव्हता. मी जिन्यात गेलो. दुपारपासून रांगेत बहुतेक साहेबांचीच माणसं दिसली होती. दिसणारच, नर्सेस ड्युटीवर होत्या. मी काय केलं, तर दुपारच्या रांगेला अडीचने गुणलं. आणि लिहिलं, ‘साहेबांचा विजय निश्चित. हा फरक आता भरून निघत नाही. सिस्टरनी छान लढत दिली.’ शेवटी फुगे आणि टाळ्या. अंदाज हा शब्द लिहायचा राहिला. राहिला कसला, मी तो लिहिला नाही. बातमीला धार येत नव्हती.

सातनंतर सिस्टर दाराशी खुर्ची टाकून बसली. पायाशी चहाचा मोठा थर्मास आणि कागदी कपांची चळत, दमून येणाऱ्या पोरींसाठी. तिच्या हॉस्पिटलातल्या तीस जणी मतदार होत्या. आल्या सहा. बाकीच्यांनी बारा तास पायांवर काढून बसमध्ये फोन उघडला आणि माझी बातमी वाचली. लागलाय निकाल, आता कशाला उतरायचं? सिस्टर नऊ मतांनी पडली.

मोजणी संपली आणि मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“भाऊ, पोरी म्हणतायत निकाल आधीच ग्रुपवर आला होता. तुम्ही टाकलेलं का काही?”

“छे हो, सिस्टर. सिनेमाचा एक आकडा चुकला होता, तो काढला.”

“वाटलंच मला. यायचं नव्हतं तर पोरींनी तसं सांगायचं. खोटं कशाला बोलायचं माणसानं?”

ज्यांच्यापर्यंत तो मेसेज पोचला होता त्यातले निम्मे साहेबांचे, ते बोलणार नव्हते. उरलेल्यांना न वाचताच अंगठा द्यायची सवय, आणि ती मीच लावलेली. मित्राने मात्र गाडीत माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. त्यानंतर त्याने मला आकडे विचारले नाहीत. बातमीपत्रही बंद पडलं, कुणी का म्हणूनही विचारलं नाही.

सिस्टरने त्या पोरींबरोबर डबा खाणं सोडलं. वॉर्ड बदलून घेतला. ज्यांना तिने सुई टोचायला शिकवलं, ज्यांची बाळंतपणं तिने निस्तरली, त्यांच्याशी ती कामापुरतं बोलते. हे मला बायकोकडून कळतं आणि मी ‘अरेरे’ म्हणतो. मला ते चांगलं म्हणता येतं.

आता ती कायमची लातूरला परत चाललीय. मंडळाने निरोपसमारंभ ठेवलाय, शुक्रवारी चारला. मानपत्र लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, माझी भाषा ओघवती आहे म्हणून. मी ते लिहिलं. त्यात ‘सेवाभाव’ दोनदा आलाय, ‘मातृहृदयी’ एकदा. वेळ नक्की करायला मी तिला फोन केला तर म्हणाली, “हॉस्पिटलातल्या कुणाला बोलावू नका हं, भाऊ. त्यांची वाट एकदा पाहिलीय, बास झालं.”

मी म्हणालो, “बरं.”

ती जायला अजून सोळा दिवस आहेत. त्या पोरींनी तिला टाकलं नव्हतं, त्यांना मी घरी पाठवलं आणि वर त्यांना खोटं पाडलं, हे तिच्या समोर बसून सांगायचं देणं मी लागतो. त्यानंतर तेच त्या चोवीस जणींना.