मुख्यालयी राहणाऱ्या घागरी

अपडाऊन करणारी चार माणसं एका एसटीत बसली की किस्से आपोआप साठतात, आणि संशय त्याच्या दुप्पट! मी जिल्हा परिषदेचा गुरुजी. बायकापोरं उदगीरला, नोकरी जवळच्या एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही. मी कुणावरच विश्वास ठेवत नाही, तुमच्यावर तरी का ठेवू?

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबांचं एकच टुमणं, "कर्मचाऱ्यानं मुख्यालयीच राहिलं पाहिजे!" म्हणजे नोकरीच्या गावात. आता जिथं प्यायला पाणी न्हाई तिथं कोण राहतंय? आम्ही गावात खोल्या घेतल्या, कुलपं लावली आणि कागदावर राहू लागलो.

*

आमचा ग्रामसेवक बिरादार लई हुशार. त्याच्या खोलीबाहेर दोरीवर एक शर्ट आणि टॉवेल कायम वाळत. उन्हानं शर्टाचा रंग उडाला, पण शर्ट हलला नाही.

इकडं उदगीरला त्याच्या बायकोला तो शर्ट सापडेना. त्यात तिला कुणीतरी खबर दिली, नवऱ्यानं गावात खोली केलीय, त्याचे कपडे तिथं वाळतात. झालं! बाई सकाळच्या बसनं हजर. आम्ही शाळेच्या ओट्यावरून बघून राहिलो. तिनं कुलूप उघडायला लावलं. आत जळमटं, कधी न पेटलेली चूल आणि भिंतीवर एक पाल.

बाईचा जीव भांड्यात पडला. भर गल्लीत हात जोडून म्हणाली, "देवा, माझा माणूस हितं राहतच न्हाई रे!"

"अगं हळू बोल!" बिरादारला घाम फुटला. "साहेबाच्या कानावर गेलं म्हंजे?"

*

हेडमास्तर आणि मी एकाच बसनं यायचो, पण एकमेकाला चोरून. मला वाटायचं ते वर कळवतील, त्यांना वाटायचं मी. नजरानजर झाली की ते म्हणायचे, "काल जरा उदगीरला काम निघालं." मी म्हणायचो, "माझं बी तसंच. सासरे लई आजारी." रोज!

एकदा सासरे नांदेडहून पाहुणे आले, ठणठणीत. म्हणाले, जावयाची शाळा बघू. बसमध्ये माझ्या शेजारी बसले. पुढच्या सीटवर हेडमास्तर. तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं मायेनं विचारलं, "गुर्जी, सासरे आज तरी शुद्धीवर हायत का?"

हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले. सासरे माझ्याकडं.

*

एक माणूस मात्र खरंच गावात राहायचं. नर्सबाई, कांबळे सिस्टर. नवरा वारलेला. सासू आणि दोन पोरी तिच्या एकटीच्या पगारावर.

आम्हाला ते पटेना. बिरादार म्हणाला, "काहीतरी भानगड हाय गुर्जी. सुखासुखी कोण राहतंय हितं?" मलाही तेच वाटून राहिलं. त्यात ही राहायची कुठं, तर ओढ्यापलीकडं, बौद्धवाड्यात! मी मुद्दाम विचारलं, "सिस्टर, इकडं देवळाजवळ खोल्या हायत की. बघितल्या न्हाईत का?"

"बघितल्या की गुर्जी. सगळ्या बघितल्या."

मला वाटलं, भाडं परवडलं नसेल. म्हटलं, "मग आमच्यासारखं अपडाऊन करा."

"न्हाई जमायचं मला. घरी एक सांगा, ड्यूटीवर दुसरं, साहेबापुढं तिसरं. एवढं ध्यानात कोण ठेवणार? मी आपली सगळीकडं एकच हाय."

बाई जाताच बिरादार म्हणाला, "बघा, उत्तर तयारच होतं!"

*

टँकर मारुतीच्या देवळापाशी थांबायचा. घागरींची ही लांब रांग! तळाला उरलं तर ते ओढ्यापलीकडं जायचं. रांगेत सगळ्यात पुढं माझी, हेडमास्तरांची आणि बिरादारची घागर, नावं रंगवलेली. आम्ही उदगीरला, घागरी ड्यूटीवर!

ही सरपंचांची मेहरबानी. पाणी त्यांच्या रांजणात, पुरावा आमच्या नावावर. एकदा संध्याकाळची बस चुकली म्हणून मी खरंच मुक्कामाला राहतो म्हणालो, तर सरपंचांचा चेहरा उतरला. "गुर्जी, असं अवचित राहत जाऊ नका. आमच्या पाण्याची पंचाईत होती!"

*

आणि एका सकाळी साहेबांची जीप थेट देवळापुढं. आम्ही नुकतेच बसमधून उतरलेलो, पिशव्या हातातच.

"खोल्या दाखवू नका," साहेब म्हणाले. "दोरीवरचे शर्ट मी लई बघितलेत. दुष्काळात जो राहतो तो पाणी भरतो. घागरी दाखवा!"

सरपंच खुलले. "ही गुर्जींची. ही हेडमास्तरांची. ही ग्रामसेवकांची. सगळे हितंच राहत्यात साहेब, इमानानं सांगतो."

"नर्सबाईंची?"

सरपंचांनी पुन्हा माझ्याच घागरीवर हात ठेवला.

"नर्सबाईंची घागर कुठंय?"

"ती… तिकडं असती, साहेब."

"तिकडं म्हणजे? टँकर इथं थांबतो ना?"

आत्तापर्यंत धडाधड खोटं बोलणारे सरपंच खाली बघून चप्पल शोधू लागले, ती पायात असताना! रांगेतल्या बायकांनी पदर पुढं ओढले. मी हेडमास्तरांकडं बघितलं, ते मारुतीकडं.

तेवढ्यात सिस्टर आली, कुणाचं तरी बाळंतपण उरकून, हात पुसत.

"बाई, तुम्ही गावात राहत नाही!" साहेब कडाडले.

"राहते साहेब."

"मग घागर का नाही? सस्पेंड करीन! उद्यापासून तुमची घागर याच रांगेत दिसली पाहिजे. या सगळ्यांच्या घागरींसोबत!"

रांगेत चुळबुळ झाली. सरपंच पुढं झाले, "साहेब, तसं नका करू, काय हाय की—"

"तुम्ही मधे बोलू नका!"

साहेबाला सगळं ठाऊक होतं की काहीच ठाऊक नव्हतं, मला अजून संशय आहे.

सिस्टरनं हात पुसून पदर नीट केला.

"हाव साहेब. फक्त एवढं लेखी द्या."