साडूंची कॉन्फरन्स

आमच्या साडूंच्या मते या पृथ्वीवर असा एकही प्रश्न नाही, जो कॉलेज बास्केटबॉलच्या दोन कॉन्फरन्स शेजारी ठेवून तोलल्या की सुटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मावसबहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, आता शॉमबर्गचे, आमच्या घरापासून दोन सिग्नल पलीकडचे. कॉन्फरन्स म्हणजे कोट घालून जांभया द्यायला जायची जागा, अशी माझीही आधी समजूत होती. इथे तिचा अर्थ दहाबारा कॉलेजांचा कंपू, जो हिवाळाभर आपसांत मॅचेस खेळतो आणि मार्चमध्ये आपले पहिलवान देशाच्या आखाड्यात उतरवतो. साडूंनी दक्षिणेकडच्या ज्या कॉलेजात एम.एस. केलं, ते अशाच एका कंपूत होतं. दोन हजार पाच साली त्या कंपूतल्या तगड्या टीम उठल्या आणि पूर्वेकडच्या श्रीमंत कॉन्फरन्समध्ये जाऊन बसल्या. मागे राहिली साडूंची टीम, आणि रिकाम्या खुर्च्या भरायला कुठून कुठून गोळा केलेली कॉलेजं. तेव्हापासून साडूंच्या आयुष्याला एकच काम उरलं : उरलेली कॉन्फरन्स गेलेल्यांपेक्षा दमदार आहे हे सिद्ध करणं. सिद्ध करायला समोर माणूस लागतो. तो मी.

आता माझी अडचण सांगतो. शॉमबर्गमध्ये आमचा चार मराठी घरांचा गोतावळा होता. रविवारी कुणा एकाकडे जेवण, मुलांचा धिंगाणा, बायकांच्या गप्पा आणि पुरुषांचं पेंगणं. त्यातली दोन घरं नोकरीपाठोपाठ कॅलिफोर्नियाला गेली. साडूंनी दोघांनाही श्रीखंडपुरीचं निरोपाचं जेवण घातलं आणि ते विमानात बसल्या क्षणापासून त्यांना ‘ते सोडून गेलेले’ म्हणायला सुरुवात केली. उरली दोन घरं, त्यांचं आणि आमचं. आणि त्याच हिवाळ्यात माझ्या कंपनीने मला कॅलिफोर्नियातल्याच फ्रीमाँटजवळच्या ऑफिसात बदली दिली. होकार कळवून झाला, टाउनहाउस बघून झालं; साडूंना सांगायचं तेवढं राहिलं. ते काम हिने माझ्यावर टाकलं. बेसमेंटमधला उंदीर पकडणं आणि वाईट बातमी देणं ही खाती आमच्या घरात पहिल्यापासून माझ्याकडे आहेत. उंदीर अजून सापडलेला नाही.

संक्रांतीच्या पॉटलकला सांगायचं मी पक्कं केलं होतं. पण साडूंची मोजायची एक रीत आहे. “वरच्या टीमकडे काय पाहून राहिले, साडूभाऊ? शेवटचा नंबर कोणाचा, ते पहा. तळ पक्का, तर कॉन्फरन्स पक्की.” ही रीत ते कुठेही लावतात. त्या दिवशी शेजारच्या सबर्बमधलं मंडळही आमच्याकडे आलं होतं आणि एका टेबलावर त्यांचे डबे, एकावर आमचे, असा थाट होता. लोक पाहुण्यांच्या बासुंदीभोवती घुटमळत होते. साडूंनी प्लेट घेऊन दोन्ही टेबलांची शांतपणे पाहणी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने निकाल दिला, “बासुंदी सोडा. आपला तळ कच्चा आहे. हा मसालेभात पहा.” मसालेभात आमच्या हिचा होता. भात तिने केला, निकाल त्यांनी दिला आणि अबोला माझ्या वाट्याला आला. फ्रीमाँटचा विषय तसाच डब्यात बंद करून घरी आणला.

दुसऱ्यांदा मी त्यांच्या घरीच गेलो. फ्रिजच्या दारावर त्यांनी चुंबकांची नवी मांडणी केली होती. केळं, आयफेल टॉवर, तिरुपतीचा बालाजी, प्रत्येक चुंबक म्हणजे एकेक टीम. मुलीचं शाळेचं टाइमटेबल हकालपट्टी होऊन डिशवॉशरवर गेलं होतं. ती दूध घ्यायला आली, दारावरची कॉन्फरन्स बाजूला ढकलली आणि म्हणाली, “बाबा, नोबडी केअर्स.”

“साडूभाऊ, जरा बोलायचं होतं,” मी म्हणालो.

“बोला ना. पण आधी मला सांगा, जो आपला कंपू सोडून जातो, तो तिकडे जाऊन कितवा येतो?”

“मला काय कल्पना?”

“मधला. वर नाही, खाली नाही. तिकडे त्याला कोणी विचारत नाही. इथे राजा होता ना बाप्पा.”

शॉमबर्गमध्ये मी कधी राजा असल्याचं निदान माझ्या कानावर तरी आलेलं नव्हतं. मी चहा संपवला.

“सांगितलंस?” घरी आल्यावर हिने विचारलं.

“चहा घेतला.”

“मग आता जेव आणि मुव्हर्सनाच पाठव त्यांना सांगायला.”

शेवटी देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर गाठलं त्यांना. रविवारची दुपार होती. दोघी बहिणी भाजी आणि पीठं आणायला दुकानात शिरल्या होत्या आणि आम्ही दोघे गाडीत बसलो होतो, कारण साडूंची टीम आज नेमकी एका सोडून गेलेल्या टीमशी खेळत होती आणि रेडिओ लागला होता. मॅच अटीतटीची चालली होती. इतक्या दिवसांच्या अनुभवाने मला कळून चुकलं होतं, की साडूंशी बोलायला योग्य वेळ अशी नसतेच.

“साडूभाऊ, आम्ही फ्रीमाँटला चाललो.”

“सुट्टीला?”

“नाही. राहायला.”

साडूंनी हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला. ज्या माणसाने सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात एका कानात इअरफोन ठेवला होता, त्याने मॅच अशी मध्ये तोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पट्टा बांधूनच बसलो होतो. तो आणखी घट्ट धरला आणि ‘सोडून गेलेले’ या शब्दांची वाट पाहू लागलो. समोर बस थांबली, चार माणसं पिशव्या सावरत चढली, बस निघून गेली.

“घर मिळालं?”

“मिळालं.”

“शाळा कशी आहे?”

“बरी आहे म्हणतात.”

“हं,” ते म्हणाले, “माझ्या घरी तुम्ही सांगू नका. रडेल ती. मी सांगतो.”

तेवढ्यात दोघी आल्या. मागचं दार उघडून पिशव्या ठेवताना मेहुणीला रेडिओ बंद दिसला. “काय हो,” तिने विचारलं, “हरले वाटतं?”

“हो,” साडू म्हणाले आणि गाडी काढली.

आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी मुव्हर्सना बाजूला सारून आमचा सोफा स्वतः ट्रकमध्ये चढवला आणि त्याचा एक पाय मोडला. श्रीखंडपुरीचं जेवणही घातलं.

फ्रीमाँटला स्थिरस्थावर झाल्यावर एका रविवारी त्यांचा फोन आला. पुण्याचं एक जोडपं शॉमबर्गला आलंय, तरुण आहेत, आज जेवायला बोलावलंय, असं म्हणाले. आता नवं आणि आमचं, दोन्ही घरं तोलून दाखवणार, म्हणून मी मन घट्ट केलं. खरं सांगायचं तर त्यांनी तोलावं, असंच वाटत होतं. कितवा का होईना, माझा नंबर तरी लागला असता.

“कसे आहेत?” मी विचारलं.

“चांगले आहेत,” साडू म्हणाले. एवढंच.

त्यांच्याकडे मॅच चालू होती. पंचाची शिट्टी, लाकडी जमिनीवर घासणारे बूट, सगळं फोनमधून ऐकू येत होतं. फोन कुणीच ठेवत नव्हतं. शॉमबर्गच्या इतक्या वर्षांत जे एकदाही विचारलं नव्हतं, ते मग मीच विचारलं.

“स्कोअर काय झालाय?”

“थांबा, नीट सांगतो,” ते म्हणाले, आणि तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.