कटिंगच्या टेबलाएवढं जहाज

लोक छंद लावून घेतात ते आवडीनं. माझा छंद रागातून सुरू झाला आणि अजूनही बराचसा रागावरच चालतो.

मी सेलूत ब्लाउज शिवते. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे आणि घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. अकरा वर्षांपूर्वी दोऱ्याच्या रिळांचं एक खोकं आलं. रिळं हलू नयेत म्हणून त्यात कुठल्याशा जुन्या मासिकाची पानं चुरगाळून कोंबलेली होती. त्यातलं एक पान मी सहज सरळ केलं, तर त्यावर एका जुन्या लढाऊ जहाजाचं चित्र होतं. आतल्या खोल्या दिसाव्यात म्हणून जहाजाची एक बाजू कापून काढल्यासारखी दाखवली होती. आधी मी ते उभ्यानं पाहिलं, मग बसून पाहिलं, आणि मग माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघर जहाजाच्या एका टोकाला, जेवायची खोली दुसऱ्या टोकाला आणि मधे दोन जिने! हजारभर माणसांचं वरण रोज दोन जिने उतरवून न्यायचं, तेही हलत्या जहाजात? हे ज्यानं काढलं त्यानं जन्मात कधी उकळत्या वरणाचं पातेलं उचललेलं नाही, हे मला तिथंच कळलं. मी खडू घेतला आणि ब्लाउजचे नमुने काढायच्या खाकी कागदावर ते स्वयंपाकघर जागेवर आणलं.

पण एवढ्यावर भागतंय होय? स्वयंपाकघर आणलं ते नेमकं दारूगोळ्याच्या कोठीला खेटून बसलं. कोठी हलवली तर इंजिन आडवं आलं. बाही बदलली की मुंढा बदलावा लागतो, मुंढा बदलला की खांदा बदलावा लागतो, तसलाच प्रकार. सहा महिन्यांत मासिकातलं जहाज संपलं आणि माझं सुरू झालं.

माझं जहाज सातशेवीस फूट लांब आहे. याच्यामागं काही शास्त्र नाही. माझं कटिंगचं टेबल सहा फुटी आहे आणि एका इंचाला दहा फूट धरले की तेवढंच मावतं. तोफा बारा आहेत, कारण नऊ काढून पाहिल्या, बऱ्या दिसत नव्हत्या. बाहेरची भिंत दोन पदरी आहे. ब्लाउजच्या शिवणीत आम्ही दोन बोटं जादा कापड ठेवतो, पुढं बाई अंगानं भरली तर उसवून वाढवता यावं म्हणून. तशी मी जहाजातही जागा सोडली. आणि टाक्या. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या मी तळापासून वरपर्यंत जिथं जागा सापडली तिथं घातल्या. आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो. भोवती सगळं खारं पाणी असताना तहानेनं मरायची वेळ यावी असलं जहाज मी काढणार नव्हते. समुद्र मी पाहिलेला नाही. मोठं पाणी म्हणून पाहिलंय ते येलदरीच्या धरणाचं, आणि तेही मला पुरेसं धडकी भरवणारं वाटलं होतं.

गिऱ्हाइकांनी माझा जीव नकोसा केला. एक बाई टेबलावरचा कागद बघून म्हणाली, "ताई, पाठीवर हा मासा लय भारी दिसंल, मला काढून देता का?" दुसरीनं माझ्या पाच महिने खपून काढलेल्या इंजिनघरावर चहाचा कप ठेवला. बहीण फोनवर म्हणाली, "एवढ्या वेळात ब्लाउजवर भरायचं आरी वर्क शिकली असतीस." सगळ्यांचा मिळून एकच प्रश्न, याचा उपयोग काय? अरे, ज्या बायका दुपारभर मालिका बघतात त्यांना कोणी उपयोग विचारतं का?

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे आमचे हे.

आमचे हे वजनकाट्यावर बसतात. कापसाची गाडी येते, काट्यावर चढते, हे भरल्या गाडीचं वजन घेतात, मग जिनिंगात माल उतरवून आलेल्या रिकाम्या गाडीचं घेतात. तीस वर्षं हेच काम. संध्याकाळी घरी येतात आणि उंबऱ्यात चपला काढता काढता विचारतात, "काय, जहाजाचं वजन किती भरलं?"

रोज. अकरा वर्षं. दिवाळीलाही चुकवलं नाही. पहिल्या वर्षी तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हणाले, "तुमाला त्या काट्याशिवाय जगात दुसरं काही दिसतं का? माझ्या कागदाला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते." तेव्हापासून मी सगळे कागद नंबर घालून, गुंडाळी करून, जुन्या साडीत बांधून कपाटावर ठेवायला लागले. आज त्यांचे एकेचाळीस झाले आहेत. मधे एकदा यांनी फोनवर कुठंतरी वाचलं आणि दारातूनच ओरडत आले, "आगं, असले जहाज आता कोणी बांधतच न्हाई. कवाच बंद झालेत." मी म्हणाले, "बरं झालं. म्हणजे मला घाई न्हाई." पण रात्री जेवण गेलं नाही.

कारण असली जहाजंच बंद झाली तर ती कळणारा माणूस तरी कुठं उरणार, आणि मला एवढंच हवं होतं. जहाज कोणी बांधावं असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. कोणातरी जाणकार माणसानं एकदा ते कागद नीट बघावेत आणि सांगावं की बाई, तुझं हे जहाज पाण्यात उभं राहील की नाही. तरंगेल की बुडेल. अकरा वर्षं मी एवढ्या एका उत्तरासाठी घालवली होती आणि सेलूत हे विचारायचं कोणाला?

या अधिक महिन्यात योग आला. चौथ्या घरातल्या शेजारणीचा जावई नौदलात आहे, जहाजाच्या इंजिनघरात काम करतो. धोंड्याच्या जेवणाला तो सासरी येणार होता. चार दिवस आधी शेजारीण सात ब्लाउजपीस घेऊन दारात हजर झाली. "वैनी, कसंबी करा, पण गुरुवारच्या आत द्या." एरवी मी हाकलून दिलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "देते. पण जावईबापूंना माझे कागद अर्धा तास बघायला लावायचे." तिनं कपाळाला हात लावला, पण ब्लाउज अडले होते, कबूल झाली. मी चार दिवस मान वर न करता सातही शिवले आणि गुरुवारी दुपारी साडीतली गुंडाळी काखेत घेऊन तिच्या घरी गेले.

जावई पाटावर बसून पुरणाचा पाचवा धोंडा गिळत होता. समोर पितळेचा दिवा, आहेर, भोवती सासू, मावससासू आणि दोन मेव्हण्या, "आणखी एक घ्या, तेहतीस केलेत." त्याच्या डोळ्यांवर झापड आली होती. मला वाटलं, झालं, गेली आपली अकरा वर्षं पुरणात. पण हात धुऊन तो सतरंजीवर बसला आणि कागद उलगडायला लागला. पहिला, दुसरा, तिसरा. हसला नाही. दोन पदरी भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, "काकू, हे बरोबर हाय. खरंच असं असतंय. कुणी सांगितलं तुमाला?" मी सांगितलं, ब्लाउजवरून सुचलं. तेव्हाही तो हसला नाही. तिथंच उठून घरी गेले असते तर किती बरं झालं असतं.

पण त्यानं शेवटचा कागद खाली ठेवला आणि विचारलं, "याचं वजन किती?"

माझा पारा चढला. मी विचारलं, "तुमाला हे आमच्या ह्यांनी शिकवून ठेवलं का?"

तो बिचारा गोंधळला. "कोणी? मी तर त्यांना भेटलोबी न्हाई अजून. काकू, जहाज जेवढं पाणी बाजूला सारतंय, त्या पाण्याच्या वजनापेक्षा जहाजाचं वजन जास्त झालं की ते बुडतंय. तुमी वजनच काढलं न्हाई, तर तरंगतंय का बुडतंय हे मी कसं सांगू?"

हे मला शाळेत शिकवलं होतं. नववीत की आठवीत, पण शिकवलं होतं. तेवढ्यात सासू आणखी दोन धोंडे घेऊन आली आणि मी कागद गोळा केले.

चौथ्या घरापासून आमच्या घरापर्यंत येताना मला इतका संताप आला होता की समोरून कोण गेलं ते कळलं नाही. छाती मोजली, कंबर मोजली, उंची मोजली, जहाजाच्या प्रत्येक जिन्याची पायरी मोजली, पाव इंचाचीही चूक ठेवली नाही. वजन मात्र एकदाही मनात आलं नाही. कारण जन्मभर शिवलं ते कापड, आणि ब्लाउजचं वजन कोण करतं? आणि जो माणूस रोज उंबऱ्यात उभा राहून तोच प्रश्न विचारत होता, त्याला मी रोज फाडून खात होते.

संध्याकाळी हे आले. एक चप्पल काढली. "काय, जहाजाचं वजन किती भरलं?"

मी म्हणाले, "माहीत न्हाई. तुमाला काढता येतं का?"

दुसरी चप्पल पायातच राहिली. मग ती काढली, आत जाऊन हातपाय धुतले, टॉवेलनं हात कोरडे केले, टेबलापाशी बसले आणि म्हणाले, "सतरावा कागद आधी घे. पाण्याच्या टाक्या त्याच्यावर हायेत."

सतरावा कागद मी त्यांना कधीच दाखवला नव्हता. कोणताच दाखवला नव्हता. मी विचारलं, "तुमाला काय ठाऊक?"

"तू बाजाराला जातीस की." त्यांनी माझ्याकडं न बघता पेन्सिल उचलली. "मी पहिल्या दिवसापासून इचारायलोय. तुला चेष्टा वाटायली, त्याला मी काय करू?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "भरलेलं काढायचं का रिकामं?"

आठ दिवस लागले. घनफूटभर लोखंड सव्वादोन क्विंटल, घनफूटभर पाणी अठ्ठावीस किलो, हे त्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्याच दिवशी पट्टी लावून ते म्हणाले, "आगं, हा पत्रा सव्वा फूट जाड कशाला?" मी म्हणाले, "कुठं सव्वा फूट?" त्यांनी रेघ मोजून दाखवली. माझ्या खडूची रेघ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंचाला दहा फूट धरले की ती सव्वा फूट होते. आणि लोखंड किती जाड हे मी कुठं लिहिलंच नव्हतं. रेघ तेच लोखंड. कापडावर खडूच्या रेघेला जाडी नसते, ती झटकली की जाते. इथं भिंती, मजले, जिने, स्वयंपाकघराचं दार, सगळं सव्वा फूट लोखंडाचं झालं होतं.

आठव्या दिवशी त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि घरात कोणी आजारी असल्यासारखं हळू म्हणाले, "बुडतंय." पाणी पेलेल त्याच्या दुपटीहून जास्त वजन होतं. मी रडले. अकरा वर्षं मी तळाला जाणारं जहाज काढत होते याचं रडू होतं, आणि उंबऱ्यातल्या त्या रोजच्या प्रश्नाचंही होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "काट्यावर गाडी जास्त भरली तर आमी गाडी मोडतो का? माल उतरवायचा अन् परत घ्यायची."

"टाक्या न्हाई उतरवायच्या," मी म्हणाले.

"टाक्या कशाला? तू आधी खडू सोड."

आता मी टोक काढलेल्या पेन्सिलीनं पहिल्यापासून काढते आहे. कुठं लोखंड खरंच जाड हवं आणि कुठं नुसता पत्रा चालेल यावरून आमची रोज भांडणं होतात. त्यांना चार तोफा कमी करायच्या आहेत. मी नाही म्हणते. जहाज अजून बुडतं. हे संध्याकाळी येतात, उंबऱ्यात चपला काढता काढता विचारतात, "काय, किती उतरवलं आज?" माझं डोकं अजूनही तितकंच फिरतं, पण आता मी आकडा सांगते.