कुलकर्णी साहेबांचा खंदक

भूत, चकवा, लागीर... मी यातलं काहीच मानत नाही. मानणार कसा? पिंपळगाव राजाच्या शिवारात जी तीन-चार नावाजलेली भुतं आहेत, त्यातली निम्मी मीच पारावर बसून जन्माला घातलीत. बाप पोराला भितो का कधी? पण हा अनुभव मी घडवलेला नाही — तो मलाच घडला.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. पुण्याचे कुलकर्णी नावाचे दिग्दर्शक सिनेमा काढायला आमच्या गावी आले. गोष्ट एका कादंबरीवरची — लढाईची आणि लढाई लावणाऱ्यांची टर उडवणारी. एका शिपायाला खंदकात पहाऱ्यावर उभं करतात आणि फौज त्याला विसरूनच जाते. लढाई संपते, मोठे साहेब पेन्शनीत जातात, हा आपला उभाच! कुलकर्ण्यांनी त्या शिपायाला वऱ्हाडी केलं, त्याची भाषा लिहायला मला धरलं आणि रोलही मलाच दिला. गणपतीतल्या नाटकात माझा आवाज खामगावपर्यंत ऐकू येतो, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

कादंबरीच्या शेवटी म्हणे दुसरा एक शिपाई येतो, 'आता माझी पाळी' म्हणून खंदकात उतरतो, तेव्हा कुठं पहिला सुटतो. कुलकर्णी साहेबांनी ते कापलं. "फार जड होतं हो. लोक हसले पाहिजेत. आपला हिरो बंदूक फेकतो आणि धूम पळतो." मलाही पटलं. पळणं माझ्या अंगातच आहे.

माझ्या चुलत्याच्या, गोविंदकाकांच्या पडीक वावरात छातीएवढा खंदक खणला. भर दुपारी 'ॲक्शन' झालं. मी बंदूक फेकली, काठावर हात टेकून वर आलो, पळालो. विहीर गेली, धुऱ्याचा बांध गेला, सडकेला लागलो... एसटीचा धूर नाकात गेला. मागं वळून पाहतो तर समोर मातीची भिंत. मी खंदकात, बंदूक हातात.

"बंडोपंत," साहेब वरून म्हणाले, "ॲक्शन म्हटल्यावर पळायचं असतं. फिल्म फुकट जातेय."

"पळालो ना साहेब. सडकेपर्यंत गेलतो."

"तुम्ही पापणीसुद्धा हलवली नाहीत."

दुसऱ्या टेकला मी थेट घरी पोचलो, माठातलं पाणी प्यालो — आणि परत भिंत. मिशी मात्र ओली. मग चौघांनी काखेत हात घालून ओढलं. सदऱ्याची बाही वर गेली, मी खालीच.

तेवढ्यात माझी बायको शेवंता भाकर घेऊन आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "घरी काम सांगतलं तं असेच खांबावानी उभे राह्यता. सिनेमातबी तेच काय?" मग तिनं माझं तोंड पाहिलं. "काऊन हो... खरंच निंगता येऊन नाही राह्यलं?"

"नाही."

ती काठावरच बसली. मला वाटलं, ही आता रोज इथंच डबा आणणार, केस पिकेपर्यंत. छातीएवढा खंदक गळ्याशी आल्यासारखा झाला. हाका माराव्या तर सगळे समोरच उभे — हाक कोणाला मारू?

साहेबांचा चेहरा उतरला होता. "कादंबरीत तो असा निघतच नाही," ते म्हणाले. "दुसरा यावा लागतो."

वर फौजी कपड्यांत आमच्याच गावची वीस-पंचवीस माणसं होती. एकाएकी कोणाची म्हैस सुटली, कोणाचं पोट बिघडलं. मला गावाचा इतका राग कधी आला नव्हता.

"शुद्ध मूर्खपणा," म्हणत शेवटी साहेबच खाली उतरले. "आता माझी पाळी. जा तुम्ही."

मी एका उडीत बाहेर. शेवंतानं माझं मनगट असं आवळलं की तिच्या बांगड्यांचे वळ आठवडाभर होते. साहेब हसले, काठावर हात टेकले... आणि तसेच राहिले. डोळे सताड. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "मी आत्ता शनिवारवाड्यापाशी होतो हो."

कोणी हसलं नाही. काठाशी बसलेले गोविंदकाका उठले, शेजारच्या ज्वारीत गेले आणि मडक्याच्या डोक्याचं बुजगावणं उपटून आणलं. त्याला माझा बाही फाटलेला फौजी सदरा घातला, खाली सोडलं. "साहेब, बदली आली. आता याची पाळी. निंगा तुमी."

साहेब असे वर आले की त्यांचा एक बूट खंदकाबाहेर पडून राहिला. तो अजून आमच्याकडं आहे. सामान ट्रकात भरलं, मंडळी गेली. खामगावच्या टॉकीजला तो सिनेमा काही लागला नाही.

खंदक बुजवून टाका, असं मी काकांना म्हटलं होतं. "आत कोणी उभं असतानी माती कशी लोटाची बे? आन त्याले काढाले उतरलं, तं उतरणारा गेला." म्हणून दर साली पेरणीच्या आधी काका नवं बुजगावणं वरून सोडायचे, मग जुनं गळानं वर ओढायचे. काका गेल्यापासून मीच करतो. पडीक वावर आता वहितीत आलंय; सगळीकडं कपाशीची पऱ्हाटी, मधात तेवढा खड्डा. असं का होतं, मला आजही सांगता येत नाही.

मागच्या साली माझा इंजिनिअर पुतण्या अकोल्याहून आला. त्याच्याजवळ उत्तर होतं. "मोठेबाबा, हे डोक्यातलं असते सगळं. उनाचा परिणाम."

"मंग उतर ना. तेवढं जुनं बुजगावणं हातानं काढून दे."

तो काठावर गेला. वाकून त्या मडक्याच्या तोंडाकडं बराच वेळ पाहत राहिला.

"पहिले नवीन उभं करा," तो म्हणाला.