सोनेरी नळ्या आणि इतो-सानचा शिक्का

टोकियोजवळ इचिकावाला कुणाच्या तरी घरी आमच्या ग्रुपचं जेवण असलं, की नवरेमंडळी ऑफिसचे किस्से काढतात. सर्व्हर पडला, क्लायंट चिडला, सगळ्यांनी वाकून माफी मागितली. सगळे किस्से इथेच येऊन संपतात. मग कुणीतरी म्हणतं, "वैशाली, तुझ्या लिपस्टिकचं सांग." मी सुरू झाले की पानातली पोळी गार होते. किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही; ते घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात.

कावासाकीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी बाइतो करते, म्हणजे पार्टटाइम नोकरी. लोकांनी दुकानात परत केलेल्या लिपस्टिकच्या रिकाम्या नळ्या आमच्याकडे येतात. आम्ही त्या ओळखून वेगळ्या करायच्या. मग त्या धुऊन पुन्हा भरल्या जातात. मॉडेल्स तीन. तिन्ही सोनेरी, तिन्ही बोटाएवढी. 'ए' पितळेची. 'बी' अॅल्युमिनियमची, वरून सोनेरी मुलामा. 'सी' पुन्हा पितळेचीच, फक्त तोंड केसभर अरुंद. 'ए'च्या जागी 'सी' गेली तर नवी लिपस्टिक आत बसत नाही. उलट झालं तर बाईच्या हातात नळी आणि मांडीवर लिपस्टिक!

भरलेल्या ट्रेच्या चिठ्ठीवर ज्याचा-त्याचा हांको, म्हणजे नावाचा शिक्का, उठतो. नवख्यांना शिक्का नसतो. त्यांचा ट्रे इतो-सान तपासतात आणि स्वतःचा शिक्का मारतात. इतो-सान आमच्या टेबलाच्या प्रमुख, सत्तरीच्या बाई. मला माझा शिक्का हवा होता. पुण्यात मी टेस्टिंगची टीम सांभाळायचे. इथे आल्यावर भाषेपायी घरी बसले. आपलं नाव कुठेतरी उमटावं, एवढंच मनात होतं.

*

पहिल्या दिवशी मी तासभर डोळे ताणून नळ्या पाहिल्या आणि मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "याला मशीन नाही का?"

"होतं," इतो-सान म्हणाल्या. "माझ्याआधी रिटायर झालं."

*

माझं इंजिनिअरचं डोकं गप्प बसेना. पितळेला मॅग्नेट चिकटत नाही, अॅल्युमिनियमलाही नाही, पण मुलाम्याखाली काहीतरी असेल, अशा आशेने मी फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट घेऊन गेले. ट्रेवरून फिरवला तर प्रत्येक नळी येऊन त्याला चिकटली. झाकण टक्कन बंद व्हावं म्हणून तिन्ही मॉडेल्समध्ये बारकंसं मॅग्नेट बसवलेलं असतं, हे मला कुठून माहीत!

नळ्यांनी मढलेला गणपती बघून इतो-साननी आधी हात जोडले. मग म्हणाल्या, "देवाला सगळे सारखेच. वेगळं करायचं काम आपलं."

*

घरी नवऱ्याला सांगितलं. अमोल म्हणाला, "अगं, हे एआय दोन मिनिटांत करेल." माझ्या पर्समध्ये माझी स्वतःची, त्या तिन्हींपैकीच एका मॉडेलची नळी होती. त्याने ती टेबलावर उभी करून फोटो काढला आणि अॅपला विचारलं.

अॅपने उत्तर दिलं, पिस्तुलाचं काडतूस.

या देशात असली वस्तू घरात सापडली तर काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. त्याने फोटो डिलीट केला, अॅप डिलीट केलं आणि उठून पडदा लावला.

*

माझ्याच टेबलावरच्या मेधाताईंनी मला ही नोकरी मिळवून दिली. त्या मूळच्या सदाशिव पेठेतल्या, आणि त्यांना मळकं पितळ बघवत नाही. एकदा काळपट पडलेल्या नळ्यांचा आख्खा ट्रे आला. "हे असे देव कुणी पूजेला मांडेल का गं?" असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून चिंचेचा गोळा आणला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी सिंकपाशी उभं राहून नळ्या घासल्या. लखलखीत!

मालक आले आणि पांढरेफटक पडले. त्या मालाला मुद्दाम काळपट पॉलिश केलं होतं. पुरातन दिसावं म्हणून.

आम्ही वाकायच्या आत इतो-सान पुढे होऊन वाकल्या, आमच्यापेक्षा खाली. "माझ्या टेबलावर झालंय," म्हणाल्या. तेवढंच. नंतर आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी ट्रेनमध्ये मला रडू आलं. परक्या देशात आपल्यासाठी कुणी पाठ वाकवतं, हे ऋण कसं फेडायचं?

पुढच्या आठवड्यात त्यांनी रुमालातून एक छोटी पितळी घंटी आणली. दिवंगत नवऱ्याच्या फोटोसमोरची. मेधाताईंना हळूच विचारलं, "ती आंबट वस्तू अजून आहे का?"

*

इतो-सानची तपासायची रीत न्यारी होती. ट्रेमधली कुठलीही एक नळी उचलायच्या, कानाशी धरून नखाने टिचकी मारायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. मग एक तर शिक्का, नाहीतर "पुन्हा एकदा बघता का, पातीरु-सान?" माझं पाटील त्यांच्या तोंडी असंच यायचं. ज्या ट्रेबद्दल मलाच धाकधूक असायची, नेमका तोच परत यायचा, आणि त्यात चूक सापडायची.

"बाईंना सिद्धी आहे," मेधाताई म्हणायच्या.

आमच्या सईला उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळच्या व्यायामाच्या हजेरीचा रोज एक शिक्का मिळायचा. कार्ड भरल्यावर तिने ते माझ्यापुढे नाचवलं आणि जपानीत विचारलं, "आई, तुझा?"

"यायचाय," मी म्हटलं.

*

इतो-सानच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर त्या कामावर येणार नव्हत्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांसाठी केक आला, मालकांनी भाषण केलं, मेधाताईंनी चिंचेची बरणी दिली. मग इतो-सान माझ्याजवळ आल्या आणि टेबलावर एक छोटी डबी ठेवली. आत शिक्का. जपानी अक्षरांत, पातीरु.

मी ट्रे पुढे करून म्हटलं, "हा शेवटचा तरी तुम्ही तपासा."

"काय तपासू?" त्या हसल्या. "मागच्या साकुराच्या बहरापासून मला 'ए' आणि 'सी' सारख्याच दिसतात."

"मग कानाशी धरून ऐकत काय होतात?"

"तुमचा श्वास. शंका असली की तुम्ही रोखून धरता."

त्यांनी एक नळी उचलली, कानाशी धरली, टिचकी मारली आणि डोळे मिटून थांबल्या.

मी श्वास सोडला आणि शिक्का उचलला.